उरलेल्या वेळात चाळ उभी राहत नाही

काल रात्री आमच्या कॉलेजच्या एकांकिकेच्या दिग्दर्शकाचा मेसेज आला. "यंदाही सेट तूच करायचास हं. घाई नाही, आधी तालमी बसू देत, मग बघू." वाचल्यापासून डोकं तडकलंय माझं. हे 'मग' म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक आहे. 'मग' म्हणजे स्पर्धेच्या आधीच्या चार रात्री. नटांना चाळीस दिवस, लेखकाला सहा महिने, संगीतवाल्याला महिना, आणि भिंती, दार, खिडकी, मोरी, ओटा हे सगळं चार रात्रीत! वर म्हणायचं, "रंगच तर लावायचाय."

रंगच तर लावायचाय. गेल्या वर्षी हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की पुन्हा कुणी म्हटलं तर हातातला ब्रश खाली ठेवून सरळ घरी निघून जाईन.

गेल्या ऑगस्टमधली आमची एकांकिका १९८३ सालच्या लालबागमधल्या एका चाळीत घडत होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि तो मिटला असं रीतसर कुणी कधी जाहीर केलंच नाही. अशा घरातली एक रात्र, पंचेचाळीस मिनिटांची. दिग्दर्शक मला म्हणाला होता, "मला खरी खोली हवी. काळे पडदे आणि दोन लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरे, टाकून मोकळं व्हायचं नाही. पडदा उघडला की लोकांना रॉकेलचा वास आला पाहिजे." मला ते मनापासून पटलं होतं. म्हणून तर जीव लावून केलं.

मैत्रिणीची मावशी लालबागला अशाच जुन्या चाळीत राहते. पुण्याहून सकाळच्या सिंहगड एक्स्प्रेसने गेले आणि दिवसभर त्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून भिंत बघितली. मावशी म्हणाली, "अगं, भिंतीत काय बघतेयस एवढं?" खूप काही होतं, मावशी. भिंतीला टेकून बसणाऱ्यांच्या डोक्यांनी एका उंचीवर तेलकट चकाकी धरली होती. बटणांच्या भोवती बोटांचा काळपट गोल. स्टोव्ह जिथे असायचा तिथून वर चढत पसरलेला धूर. खिडकीखाली पाण्याचे ओघळ, आणि त्यांच्या कडेला गंजासारखी तांबूस रेघ. कंबरेपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा, त्याच्या वर चुन्यात नीळ घालून काढलेला हात. एका ठिकाणी पोपडा निघाला होता, त्यात खालचे तीन रंग दिसत होते: पिस्ता, गुलाबी, आणि सगळ्यात आत पिवळा. एका घराची चाळीस-पन्नास वर्षं त्या टीचभर पोपड्यात होती. मी फोटो काढले, टेप लावून मापं घेतली. दाराची उंची, कोनाड्याची खोली, मोरीच्या कठड्याची रुंदी. परत आले तेव्हा सगळा सेट मला डोळ्यांसमोर उभा दिसत होता.

आणि मग वाट बघत बसले. हॉल मिळेना. तालमींना हॉल हवा. बजेट मिळेना. आधी कपडे, आधी संगीताची रेकॉर्डिंग, आधी प्रवेश फी. नऊ हजार मंजूर झाले होते, माझ्या हातात आले चार. माणसं आठ देणार होते, त्यातल्या पाच जणांना दिग्दर्शकाने जमावाच्या प्रसंगासाठी ओढून नेलं. राहिलो आम्ही तिघी. उरलेले पैसे, उरलेली माणसं, उरलेला वेळ आणि जागा म्हणून पार्किंगचा एक कोपरा.

ज्यांना 'रंगच तर लावायचा' असतो त्यांच्यासाठी सांगते, एका फ्लॅटला, म्हणजे सेटच्या भिंतीच्या एका कापडी तुकड्याला, काय लागतं. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून पट्ट्या आणायच्या, त्यातल्या सरळ निवडायच्या, कारण वाकडी पट्टी लावली की अख्खी भिंत पिळवटते. आठ बाय चारची चौकट ठोकायची, कोपऱ्यांना प्लायचे त्रिकोण, मध्ये आडवी पट्टी. त्यावर मांजरपाट ताणायचा, मधून कोपऱ्यांकडे, सुरकुती न ठेवता. मग साइझ, म्हणजे कापड घट्ट करणारा पातळ चिकट हात, द्यायची. जुने लोक रात्रभर सरस भिजवून पातेल्यात पातेलं ठेवून तो वितळवायचे आणि खडूची पूड घालायचे, आम्ही पाण्यात फेविकॉल पातळ करतो. त्याने कापड आक्रसतं आणि ढोलकीसारखं घट्ट होतं. ते पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा हात मारता येत नाही. मारलाच तर कापड झोळ धरतं आणि दार लावताना भिंत हलते. हललेली भिंत म्हणजे भिंत नव्हे, चादर. मग अस्तर, मग मूळ रंग, मग त्यावर गडद पाणीदार थर, मग स्पंज, मग ब्रश झटकून शिंतोडे, मग कोरड्या ब्रशने वरून फिका हात, आणि सगळ्यात शेवटी डाग, ओघळ, धूर. धुराला नुसता काळा चालत नाही. काळा मारला की लांबून भिंतीला भोक पडल्यासारखं दिसतं. काळ्यात तपकिरी हवा, थोडा निळा हवा, पाणी भरपूर हवं, आणि हात खालून वर विरत गेला पाहिजे. तो धूर मला तिसऱ्या रात्री जमला. त्याआधी दोनदा पुसला होता.

आणि हे सगळं पुण्याच्या ऑगस्टमध्ये! हवेत एवढी ओल की संध्याकाळी मारलेला डिस्टेंपर सकाळी बोटाला लागतो. आम्ही हॉस्टेलमधून दोन पंखे मागून आणले, एकीने घरून हेअर ड्रायर आणला. रात्री दोन वाजता फ्लॅटवर हेअर ड्रायर फिरवत बसलो होतो आणि वर हॉलमधून टाळ्या, हसणं, तालमीचे आवाज येत होते. साडेदहाला वडापावची पाकिटं आली होती. मोजून नटांपुरती. खाली तीन माणसं आहेत हे कुणाला आठवलं नाही. माझी मैत्रीण वर विचारायला गेली तर म्हणे, "अरे, तुम्ही अजून आहात?"

अजून आहात! कुठे जाणार होतो? तुमची चाळ खाली ओली पडली होती.

त्यात एक मुलगा रोज येऊन सांगायचा, "तू फक्त रंग लाव, ठोकाठोकी पोरं करतील." कुठली पोरं? तीच पोरं वर जमावात घोषणा देत होती. सगळ्या चौकटी मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी ठोकल्या. हाताला फोड आले. हातोडा धरायला मुलगा लागत नाही, सरळ खिळा आणि वेळ लागतो.

तिसऱ्या रात्री बारा वाजता दिग्दर्शक खाली आला. दोन मिनिटं बघितलं, म्हणाला, "मस्त. फक्त दार डावीकडे घे ना. बापाची एन्ट्री डावीकडून जास्त चांगली वाटतेय." दार म्हणजे काय उशी आहे का, या कुशीवरून त्या कुशीवर टाकायला? दाराच्या फ्लॅटला बिजागरी आहे, मागे टेकू आहे, बाजूच्या भिंतीवरचा ऑइल पेंटचा पट्टा त्याला जुळवलाय, धूर कुठल्या बाजूने चढतोय ते ओट्यावर ठरलंय आणि ओटा दाराच्या हिशेबाने बसलाय. जमिनीवर खडूने नकाशा आखून मी महिनाभर आधी दिला होता. त्यावर तालमी करायच्या होत्या. एकदाही केल्या नाहीत. तरी मी दार फिरवलं. ती रात्र गेली.

आणि दुसऱ्या दिवशी जे झालं ते मला अजून सहन होत नाही. कॉलेजात कुणा पाहुण्यांचं व्याख्यान होतं, पाहुण्यांच्या गाड्यांना पार्किंग रिकामं हवं होतं. सकाळी कुणीतरी शिपाईकाकांना सांगितलं, ते सामान हलवा. त्यांनी हलवलं. कुठे? मागच्या उघड्या जिन्याखाली. शिपाईकाकांवर माझा राग नाही, त्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं. माझा राग आहे तो सांगणाऱ्यावर. आमच्यापैकी कुणालाही एक फोन केला नाही. माझा नंबर त्या फ्लॅटच्या मागेच मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता! दुपारी पाऊस आला. मी पोचले तेव्हा दोन भिंतींवरची नीळ खाली ओघळून ऑइल पेंटच्या पट्ट्यावर आली होती, आणि दाराचा फ्लॅट पाणी पिऊन पिळवटला होता. मी जिन्यावर बसून रडले. मग उठले आणि बोहरी आळीत जाऊन स्वतःच्या पैशांनी रंगात मिसळायचे स्टेनर आणि डिस्टेंपर आणला, कारण बजेट संपलं होतं. कला मंडळाच्या सरांना सांगितलं तर म्हणाले, "नाहीतरी जुनीच भिंत दाखवायचीय ना? ओघळ चालतील की."

नाही चालत, सर. खिडकीतून वर्षानुवर्षं झिरपलेल्या पाण्याचा ओघळ वेगळा आणि काल वाहून गेलेला रंग वेगळा. पहिला बघून या घरात माणसं किती वर्षं राहिली ते कळतं. दुसरा बघून फक्त आमचं काम कुणीतरी पावसात टाकलं एवढंच कळतं.

प्रकाशयोजनेची तीच कथा. मी तीन आठवडे विनवत होते, एक तास मला दिवे लावून भिंत बघू दे. पार्किंगमध्ये पांढरी ट्यूब. तिच्याखाली जमवलेला रंग रंगमंचावरच्या पिवळट हॅलोजनखाली तसा राहत नाही. निळीचा निळा मरतो, पिस्ता मातकट होतो, कोरा पांढरा मात्र असा उजळतो की नटाचा चेहरा दिसेनासा होतो. यासाठीच भिंत रंगवणाऱ्याला आधी दिवे बघायला हवेत. मला ते दिसले थेट रंगीत तालमीला. माझा पिस्ता शेवाळलेला दिसत होता, आणि दिवेवाला म्हणाला, "आता क्यू बसलेत, बदलता येणार नाहीत." क्यू म्हणजे कुठला दिवा कधी लागणार ते. त्याचे क्यू बसले होते. माझा रंग बसायचा होता, त्याचं काय?

ज्या रंगभूमीचं नाव आपण उठता-बसता घेतो, ती रंगवलेल्या पडद्यांवरही उभी राहिली आहे. बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी, १९१० ते १९१६ च्या सुमाराला, ते आणि आनंदराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवत होते. त्या कामाने त्यांना जे नाव मिळालं, तेच आडनाव म्हणून आपण आजही लावतो! ही माणसं उरलेल्या वेळात काम करत नव्हती. आणि आज एकविसाव्या शतकात, नाटक शिकतोय असं म्हणणाऱ्या पोरांना भिंत रंगवणारी मुलगी नाटकातली वाटत नाही. ती 'बॅकस्टेज'. ती 'मदत'.

प्रयोगाच्या दिवशी पंधरा मिनिटांत आम्ही ती खोली उभी केली. पडदा उघडल्यावर प्रेक्षागृहात जी शांतता झाली, ती मी विंगेतून ऐकली. ती माझ्या भिंतींसाठी होती, हे मी ठामपणे म्हणते, कारण तोवर एकही नट रंगमंचावर आला नव्हता. प्रयोग झाला, फोटो निघाले, सगळे जेवायला गेले. सेट उतरवायला आम्ही तिघी आणि टेम्पोवाले काका. काकांनी स्वतःहून दाराचा फ्लॅट उचलायला हात दिला. बक्षीस समारंभानंतर आभाराच्या पोस्टमध्ये सदतीस नावं होती. चहावाल्याचंही होतं, आणि ते असायलाच हवं. आमच्यापैकी फक्त माझं होतं, तेही चुकीच्या आडनावाने. माझ्या दोन्ही मैत्रिणींचं नाव नव्हतं.

त्या दोघी यंदा नाहीत. एकीने स्पष्ट सांगितलं, पुन्हा कधीही नाही. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. पोपडा तिने केला होता, तीन रंगांचे तीन थर देऊन, वरचा नखाने खरवडून. अशी मुलगी गमावली तुम्ही.

म्हणून आज सकाळी उत्तर लिहिलंय, आणि ते इथेही लिहिते, म्हणजे नंतर कुणी 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायला नको. संहिता पक्की झाली की आठवड्याच्या आत मला छताखालची, कुलूप लागणारी जागा हवी. मंजूर झालेले पैसे पूर्ण आणि आधी हवेत. नकाशा दिला की दुसऱ्या दिवसापासून तालमी त्याच मापात व्हायला हव्यात, आणि दार एकदा ठरलं की ठरलं. रंगीत तालमीच्या आठ दिवस आधी एक संध्याकाळ दिवे माझे. सहा माणसं माझी, जमावात न ओढता. आणि रात्री खायला मागवताना पार्किंगमधली डोकी आधी मोजायची.