परदेशातून: डोक्याला लागलं की मैदानाबाहेर

गावच्या मंडळाची वार्षिक कबड्डी स्पर्धा जवळ आली की मालवण तालुक्यातलं आमचं गाव आणि इथे इंग्लंडात ग्लॉस्टरला राहणारा मी, यांच्यात फोन वाढतात. यंदा विषय एकच आहे. काही तरुण मुलांनी बैठकीत मांडलं, की डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरवायचा नाही. जुन्या खेळाडूंना ते रुचलं नाही. माझे सख्खे काका, एके काळचे नावाजलेले कोपरारक्षक, फोनवर म्हणाले, ‘‘झिला, मातयेतलो खेळ तो, लागतलाच. थयले लाड हय नको.’’

काकांचा मान राखून सांगतो, हा नियम इंग्लंडपेक्षा कोकणात जास्त गरजेचा आहे.

कोपऱ्यातला गडी घोट्यावर झेपावतो तेव्हा चढाईवाल्याची टाच किंवा गुडघा थेट त्याच्या कानशिलावर बसू शकतो. दोघे दोन बाजूंनी एकाच गड्यावर तुटून पडतात आणि डोक्यावर डोकं आपटतं. हे मॅटवरही होतं. पण आमच्याकडे रेषेपासून हातभर अंतरावर बांबूचं कुंपण असतं, त्याच्यामागे चिऱ्याचा बांध आणि त्या बांधावर बसलेले प्रेक्षक. धडक खाऊन बाहेर फेकला गेलेला गडी तिथे जाऊन आदळतो. मग सगळे धावतात. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं. डोळे उघडले, गडी उभा राहिला, की टाळ्या. निवेदक माइकवरून ‘वाघ आहे वाघ!’ म्हणतो आणि पुढच्या चढाईला तोच.

गोटा नारळ हलवला की आतलं खोबरं करवंटीवर आपटतं, तसा अशा वेळी मेंदू कवटीत हलतो. बाहेर रक्ताचा थेंब दिसत नाही, सीटी स्कॅनही बऱ्याचदा स्वच्छ येतो. दहातल्या नऊ जणांची शुद्ध जातच नाही. त्यामुळे ‘बेशुद्ध नाही ना पडला, मग काही नाही’ हे आपलं मोजमापच चुकीचं आहे. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला एकाएकी सूज येऊ शकते. २०११ साली उत्तर आयर्लंडमध्ये शाळेच्या रग्बी सामन्यात १४ वर्षांचा मुलगा असाच गेला. मार लागूनही तो खेळतच राहिला होता.

याहून मला भीती वाटते ती कवटीच्या आत साचणाऱ्या रक्ताची. गडी शुद्धीत असतो, हसतो-बोलतो, घरी जाऊन झोपतो आणि काही तासांनी उलट्या, गुंगी सुरू होते. ऑपरेशन वेळेत झालं तर बहुधा वाचतो. इथून ब्रिस्टलच्या न्यूरोसर्जनपर्यंत साधारण तासाभराचा रस्ता आहे. आमच्याकडे रात्री दोनला अशी पाळी आली की आधी गाडी शोधा, ड्रायव्हरला उठवा, मग गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळाची वाट धरा. रत्नागिरीकडचे लोक घाट चढून कोल्हापूर गाठतात. उपचार इतका लांब असेल तर मैदानावरच सावध व्हायला नको का?

इथेही हे शहाणपण सुखासुखी आलेलं नाही. २००३ चा रग्बी विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातला स्टीव्ह थॉम्पसन २०२० साली, ४२ व्या वर्षी, स्मृतिभ्रंशाचं निदान झाल्याचं सांगत पुढे आला. तो अंतिम सामना आपण खेळलो हेच त्याला आठवत नाही. मग खेळाडू कोर्टात गेले. जानेवारी २०२३ मध्ये रग्बी संघटनेनं हौशी खेळात कंबरेच्या वर टॅकल, म्हणजे धरून पाडणं, नको असं ठरवलं, तर क्लबांनी एवढा गदारोळ केला की संघटनेला माफी मागून मर्यादा छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत न्यावी लागली. ‘खेळ मेला’ ही ओरड मी इथेही ऐकली आहे. रविवारची मैदानं आजही भरलेली असतात.

माझा मुलगा इथल्या रग्बी क्लबात खेळतो. टॅकल करताना त्याचं डोकं दुसऱ्याच्या कंबरेच्या हाडावर आपटलं. आठवडाभर बेकरीत राबणाऱ्या त्याच्या प्रशिक्षक बाई शेजारी गुडघे टेकून बसल्या आणि शांतपणे विचारू लागल्या. आपण कुठल्या मैदानावर आहोत? हाफ पहिला की दुसरा? शेवटचे गुण कुणी घेतले? मागची मॅच कुणाशी झाली, जिंकलो का? मागच्या मॅचपाशी तो अडखळला. तेवढं पुरलं, तो बाहेर. डॉक्टर नव्हता, यंत्र नव्हतं. एप्रिल २०२३ च्या सरकारी सूचनांप्रमाणे पुढचे २१ दिवस सामना नाही. हे प्रश्न आमच्या गावात विचारायला कसला खर्च येतो?

काकांचा दुसरा मुद्दा असा, की चांगला गडी बाहेर बसला तर मॅच जाते. जाईल कधी कधी. पण संघ बारा जणांचा असतो, उतरतात सात, मग बाकीचे कशासाठी नेतो आपण? आणि कबड्डीनं असे नियम आजवर केलेच नाहीत असंही नाही. पायांची कैची घालणं, चढाईवाल्याचं तोंड दाबून दम तोडणं नियमात बसत नाही, आणि त्यावर काकाच पंचांशी हुज्जत घालत आले आहेत.

दहीहंडीचं आपण काय केलं ते आठवा. २०१४ ते २०१७ कोर्टात थरांची उंची आणि गोविंदांचं वय यावर भांडलो, २०२२ साली तिला साहसी खेळाचा दर्जा मिळाला आणि मृत्यू झाल्यास १० लाखांची मदत जाहीर झाली. मदत हवीच. पण चर्चा गोविंदा पडल्यानंतरचीच जास्त झाली याचं मला वाईट वाटतं.

खेळाडूला बाहेर काढायचा निर्णय मात्र त्याच्याच संघाच्या कप्तानाकडे ठेवू नका, आणि त्याला स्वतःला तर विचारूच नका. तो ‘मी बरा आहे’ म्हणणारच. तो अधिकार पंचांना द्या. त्या रात्री त्याला स्कूटरवर एकटं घरी पाठवू नका, घरच्यांना सांगून ठेवा. बांबू रेषेपासून चार पावलं मागे घ्या. स्पर्धेच्या पत्रिकेत ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ असं दरवर्षी छापतात. यंदा त्याच्याखाली तरुण मुलांची ओळ घ्या, पत्रिका छपाईला जायला अजून वेळ आहे. काकांशी मी या रविवारी पुन्हा बोलणार आहे.