काका, तुम्हाला पिक्चर बघताच येईना

"काका, तुम्हाला पिक्चर बघताच येईना बगा." हे वाक्य मी घरात इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचं वाईटही वाटत नाही. परवा रविवारी पुन्हा ऐकलं. पोरं टीव्हीला मोबाईल जोडून ७१ च्या युद्धावरची कुठलीशी सिरीज बघत बसली होती. पायलट पळत येतो, मिग-२१ ची कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरची काच, कडेला उघडते, हा उडी मारून आत बसतो, मागं ढोल-ताशे. मी फक्त एवढंच विचारलं, "ही काच कडेला कामून उघडली?"

झालं. पुतण्यानं रिमोट माझ्या मांडीवर ठेवला आणि सगळे गच्चीवर गेले.

आता ऐकणारं कुणी नाही म्हणून इथं लिहितो. ७१ साली आपल्याकडं मिग-२१ एफएल होतं. त्याच्या कॅनॉपीची बिजागरी पुढच्या बाजूला, म्हणजे काच मागून वर उचलली जायची. कडेला उघडणारी काच नंतरच्या मिगांना आली. मी वायुसेनेत वीस वर्षं एअरफ्रेमचं, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं, काम केलं, त्या काचा फडक्यानं पुसण्यात माझं अर्धं तारुण्य गेलं, त्यामुळं नजर आपोआप तिथंच जाते. दाताच्या डॉक्टरला समोरच्याचे दात दिसतात, तसंच.

पण खरं सांगू का, ही चूक मी माफ करतो. बोलून दाखवतो, आणि माफ करतो. उडणारं एफएल आणायचं कुठून? आता तर मिग-२१ ची सगळी जातच २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप घेऊन गेली. दिग्दर्शकाला जे मिळतं त्यावर तो भागवतो, लग्नात आहेर कमी पडला की आपण भागवतो तसं.

भागवाभागवीची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे 'बॅटल ऑफ ब्रिटन', १९६९ चा. जर्मनांची मेसरश्मिट १०९ पाहिजे होती, झुंडीनं. जर्मनीत ती उरली नव्हती, पण स्पेनच्या हवाईदलाकडं त्याच विमानाची स्पॅनिश आवृत्ती होती, नाव बुचोन. बुचोन म्हणजे गळा फुगवणारं कबूतर. नाव असं पडलं, कारण मूळ जर्मन इंजिनाच्या जागी तिथं रोल्स-रॉईसचं मर्लिन बसवलं होतं आणि त्यानं विमानाचं नाक खालून फुगलेलं दिसायचं. मूळ इंजिन उलटं बसायचं, म्हणून धुराची नळकांडी नाकाच्या खालच्या अंगाला असायची; बुचोनची वरच्या अंगाला. एकदा हे कळलं की ते दिसायचं थांबत नाही. आता गंमत बघा. इंग्रजांच्या स्पिटफायरमध्येही मर्लिनच. जर्मन बॉम्बर म्हणून आणलेली हाइंकेलं, तीही स्पेनचीच, त्यांतही मर्लिन. पडद्यावर दोन देश एकमेकांच्या जिवावर उठलेत आणि आवाज सगळ्यांचा एकाच कारखान्यातला! तरी तो पिक्चर मी पाचसहा वेळा बघितला. कारण ती विमानं खरी आहेत, वजनाची आहेत, वळताना त्यांना कष्ट पडतात. २०१७ च्या 'डंकर्क'मध्ये पुन्हा हेच कबूतर मेसरश्मिट बनून आलं, तेव्हा मला गावाकडचा माणूस भेटल्यासारखं झालं.

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधले जर्मन टायगर रणगाडेही आतून रशियन टी-३४ आहेत, वरून पत्र्याचा साज. चालतंय. रिव्हेटी मोजणाऱ्यांतला मी नाही.

मग माझं भांडण कशाशी आहे? राजस्थानच्या वाळवंटातली लोंगेवालाची चौकीच घ्या. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, २३ पंजाबची एक कंपनी, शंभर-सव्वाशे माणसं, समोरून पाकिस्तानी रणगाड्यांची रांग. जैसलमेरला हंटर विमानं होती, पण त्यांच्याकडं रात्री लढायची सोय नव्हती. म्हणून मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या जवानांनी रात्र काढली. उजाडलं, हंटर आली, रॉकेटं आणि ३० मिलिमीटरच्या तोफांनी वाळवंटात रणगाड्यांची दाणादाण उडवली. या सगळ्या कथेचा खिळा कुठं आहे? त्या एका गोष्टीत, की हंटरला अंधारात लढता येत नव्हतं. 'बॉर्डर' पिक्चरनं बाकी ढीगभर मीठमसाला लावला, आपली माणसं खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त मारली, पण हा खिळा जागेवर ठेवला. विमानं सकाळीच येणार, तोवर तग धरायचा. म्हणून तो पिक्चर उभा राहतो.

तिथं उद्या कुणी कॉम्प्युटरवर नवं चकचकीत विमान आणून बसवलं, ज्याच्या पायलटच्या डोळ्यांपुढं रंगीत पडदे आहेत, तर बघणारा पहिला प्रश्न विचारेल: मग रात्रीच का नाही आलात? त्याचं उत्तर कितीही ढोल वाजवले तरी मिळत नाही.

आपल्या छोट्या नॅट लढाऊ विमानाचंही तसंच. पंखांचा विस्तार पावणेसात मीटरसुद्धा धड नाही, आणि त्याच्या तोफा ऐनवेळी अडकतात ही तक्रार ६५ पासूनची. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर पाकिस्तानची सहा सेबर विमानं चालून आली तेव्हा निर्मलजीत सिंग सेखों असल्या चिमण्या विमानातून उडाले. पडद्यावर ते विमान मोठं, दणकट दिसलं की सेखोंचं धाडस तेवढं लहान होतं. आणि कॉम्प्युटरवाल्यांना एक विनंती. विमान माशीसारखं जागच्या जागी वळत नाही हो. आधी पंख कलतो, मग नाक वळतं, मग आतल्या माणसाची मान दुखते.

आता घरचं. आमचं गाव उमरग्याजवळ, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून. १३ सप्टेंबर १९४८ ला सकाळी नळदुर्गाजवळचा बोरी नदीचा पूल ताब्यात घेऊन आपली फौज निजामाच्या हैदराबाद संस्थानात आली आणि दुपारपर्यंत उमरग्यात पोचली. दुसऱ्या दिवशी पुढं राजेश्वरकडं जाताना रस्त्यावर दबा धरून बसलेल्यांना हुसकायला टेम्पेस्ट विमानं बोलावली होती. पंख्याची विमानं, नाकावर चार पात्यांचा पंखा. या पोलीस ॲक्शनवरून आमची आजी सगळी सालं 'ॲक्शनच्या आदी' आणि 'ॲक्शनच्या नंतर' अशीच मोजायची. ती सांगायची, "आदी आवाज आला गिरणीवाणी, मग इमान आलं. तवर आमी तुरीत."

मागच्या सप्टेंबरात व्हॉट्सॲपवर याच ॲक्शनचा एक व्हिडिओ फिरला, नळदुर्गच्या किल्ल्यावरून जेट विमानं सुसाट चाललीत. अहो, आपल्याकडं पहिली जेटं आली ती व्हॅम्पायर, नोव्हेंबर १९४८ मध्ये. तोवर निजाम शरण येऊन दीड महिना उलटला होता. पण तारखेचं सोडा. जेट इतक्या खालून आणि वेगानं आलं असतं, तर आवाजानं सावध करायच्या आत ते डोक्यावर असतं. आजीला तुरीत शिरायला सवड मिळाली ती त्या घरघरीमुळं. व्हिडिओवाल्यानं जेट घातलं आणि आमची आजी गोष्टीतून गेली.

याच १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, गावच्या शाळेत पोरांनी रझाकारांवर, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांवर, नाटुकलं बसवलं होतं. तालुक्याहून ड्रेपरी, म्हणजे नाटकाचं भाड्याचं सामान, आली. पोतं उघडलं तर प्लास्टिकच्या सहा एके-४७! गुरुजी म्हणाले, "राहू द्या की काका, लांबून काय कळतंय?" मी म्हटलं, ही बंदूक सोवियत सैन्यातच १९४९ ला दाखल झाली, आपल्या रझाकाराला कुणी दिली? मग दुपारी शेतातल्या ठिबकच्या सामानातून पाईप काढले, बाभळीचे दस्ते केले, काळा रंग मारला आणि चार भरमार, म्हणजे ठासणीच्या बंदुका, तयार केल्या. पोरांना ठासणीची बंदूक शिकवली: दारू ओत, चिंधी घाल, छर्रे टाक, गजानं ठास, मग नेम. एका गोळीला एवढा खटाटोप.

रझाकार झालेलं पोरगं तालमीत वैतागलं. "काका, एवढ्या येळात समोरचा पळून जाईल की!"

"मग त्याला पळू दे ना," मी म्हटलं.

गुरुजींनी तिथंच नाटुकलं बदललं. आधी पोरगी गोळी लागून पडायची आणि सगळे रडायचे. आता रझाकार गज ठासत बसला आणि ती लेकराला घेऊन स्टेजवरून खाली उतरून बायकांच्या गर्दीत शिरली. त्याच्या हातातून गज निसटला, खणखणत खाली गेला, पोरं खिदळली, त्यानं उचलून पुन्हा ठासायला सुरुवात केली. बायकांनी तोवर पदराआड पोरीला बसवून घेतलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं.

ड्रेपरीवाल्यानं सहाच्या सहा एके-४७ चं भाडं मात्र लावलं. वापरल्या नाहीत म्हटलं तर म्हणाला, पोतं उघडलं का नाही?