परक्याचे मूल सांभाळू इच्छिणाऱ्यांसाठी सूचना

आपण एखादे निराधार मूल घरी आणून सांभाळायचे ठरवले आहे, त्याबद्दल आपले अभिनंदन. हा निर्णय नातेवाइकांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवून झाला असेल, तर आता मुलाचाही थोडा विचार करण्यास हरकत नाही. दत्तक आणि प्रतिपालकत्व, म्हणजे हल्ली ज्याला सर्रास फॉस्टर केअर म्हणतात ते, यांतला फरक समजून घेण्याच्या फंदात मात्र पडू नये. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 44 नुसार असे मूल बाल कल्याण समितीच्या आदेशाने ठरावीक काळापुरते आपल्याकडे येते. त्याची आई रुग्णालयात असते, तुरुंगात असते किंवा नवऱ्याच्या दारूपुढे हात टेकून कुठेतरी दिवस काढत असते, आणि तिची घडी बसली की मूल तिच्याकडे परत जावे अशी अपेक्षा असते. हे एकदा नीट कळले की मुलावर मालकी सांगता येत नाही, आणि मालकीच नसेल तर एवढा खर्च आणि जागरणे करण्यात राम तो काय उरला?

मूल मागताना संकोच करू नये. शक्यतो दोन वर्षांच्या आतले, जरा उजळ आणि आधीचे काही न आठवणारे मूल मागावे. ही व्यवस्था मुख्यतः सहा वर्षांवरील मुलांसाठी आहे असे अधिकारी सांगतील, तेव्हा आपली फसवणूक झाल्याचा भाव चेहऱ्यावर आणावा, कारण सहा वर्षांच्या मुलाला आपले आडनाव, आपली वस्ती, आईच्या कालवणाची चव आणि दोन-चार ठसकेबाज शिव्या असे सगळे तोंडपाठ असते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या निकालानुसार कैदी आईजवळ मूल सहा वर्षांचे होईपर्यंतच राहू शकते, म्हणजे येरवड्याच्या किंवा भायखळ्याच्या कारागृहातून बाहेर पडणाऱ्या मुलाला घर लागते ते नेमके याच वयात. पण असल्या मुलांची संगत आपल्या मुलांना बरी नव्हे. आम्ही जातपात मानत नाही, हे वाक्य आधी उच्चारावे आणि मगच जात विचारावी. बाराएक वर्षांची मुलगी ‘चालेल’ असे म्हणताना तिला पोळ्या येतात का, हा प्रश्न बोलण्याच्या ओघात सहज यावा. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे असे कायदा सांगतो. आपण धाकट्याला ठेवून घ्यावे आणि थोरलीला दर राखीपौर्णिमेला बोलावण्याचे तोंडभरून आश्वासन द्यावे.

जिल्हा बाल संरक्षण कक्षातून गृहचौकशीसाठी कोणी येणार असेल, त्या दिवशी इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग अभ्यासाच्या टेबलावरून उचलून ठेवावा म्हणजे झाले. पैशांचा विषय आपणहून काढू नये. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेखाली अशा मुलामागे दरमहा 4000 रुपये मिळतात आणि राज्याच्या बालसंगोपन योजनेत 2250, हे आकडे ऐकून ‘छे, छे, पैशांसाठी का कुणी हे करतं?’ असे म्हणावे आणि निघता निघता कोणत्या बँकेत खाते काढावे लागेल तेवढे विचारून घ्यावे. (अनुदान कित्येक महिने रखडते, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यात उपरोध नाही.)

राज्याच्या या योजनेला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, याचा भाषणात पुरेपूर उपयोग करून घ्यावा. फुले दांपत्याने 1874 मध्ये काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला, हे 3 जानेवारीला हार घालताना सांगता येते. त्यांनी त्याआधी बाळंतपणासाठी त्या आईलाच आसरा दिला होता, हा तपशील तेवढा गाळावा. तो आपल्या कामाचा नाही. आपल्याला मूल हवे आहे, त्याची आई नको.

मूल घरी आले की पहिल्या आठवड्यातच त्याचे नाव बदलून जरा शोभेसे ठेवावे आणि ते ‘व्हतं’ म्हणाले की चारचौघांत ‘होतं’ म्हणवून घ्यावे. पाहुण्यांशी ओळख करून देताना ‘हा आमच्याकडे असतो’ एवढेच सांगावे. पुढचे कौतुक पाहुणे आपणहून करतात. कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, म्हणून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर छायाचित्र टाकताना चेहऱ्यावर हसरे पिवळे चिन्ह चिकटवावे आणि शाळेचे नाव तेवढे खाली लिहावे. कधीतरी चादर झटकताना उशीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन वाळक्या पोळ्या सापडतील. ज्याला उद्या जेवण मिळेल याची खात्री कधी नव्हती, ते मूल भरल्या घरातही असा साठा करते आणि त्याच्या हाताशी खाऊचा डबा कायम ठेवला की हळूहळू थांबते, असे अनुभवी समाजसेविका सांगतील. आपण त्या पोळ्या डायनिंग टेबलावर मांडून सर्वांसमक्ष विचारावे, ‘इथे तुला कुणी उपाशी ठेवतं का रे?’

खरी कसोटी लागते ती आई भेटायला येते तेव्हा. मुलाच्या हिताआड येत नसेल तर तिला भेटू द्यावे, असे कायद्यातच लिहून ठेवले असल्यामुळे दार उघडावेच लागते. ती दोन एसट्या बदलून, प्लॅस्टिकच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू आणि एका मापाने तोकडा झालेला शर्ट घेऊन येईल आणि चप्पल दाराबाहेर, जिन्याच्या कडेला काढेल. तिला सोफ्यावर बसा म्हणावे, पण दुसऱ्यांदा म्हणू नये. मुलाकडून इंग्रजी कविता म्हणवून घ्यावी, म्हणजे तिला काय बोलावे ते सुचणार नाही. लाडू ‘नंतर खाईल हं’ म्हणत फडताळात टाकावेत. शर्ट मूल लगेच अंगात घालेल आणि रात्री काढू देणार नाही. ती गेल्यावर ते दोन दिवस धड जेवणार नाही, अंथरूण ओले करील आणि आपल्याला ‘आई’ म्हणण्याचे टाळील. ताटातूट झालेले मूल आणखी काय करणार, हा प्रश्न मनात येऊ न देता, महिन्याच्या तपासणीला समितीचे लोक आले की भेटींमुळे मुलाच्या मनावर विपरीत परिणाम होतो, असे तारीख-वारासह सांगावे.

दोन वर्षे सांभाळल्यावर ते मूल दत्तक घेता येते, पूर्वी ही अट पाच वर्षांची होती, असे 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत वाचून आपण खूश झाला असाल. मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त, म्हणजे आईबापांचा हक्क सुटलेले, असावे लागते, ही त्यातली मेख त्याच्या आईला आधी ठाऊक होते. तोवर मूल तेरा-चौदाचे होते, दार आपटू लागते, गणितात नापास होते आणि कानात बाळी घालते. आपल्या पोटच्या मुलाने हे सगळे केले तर ते वय असते. याने केले तर ते रक्त असते. अशा वेळी समितीपुढे ‘ॲडजस्ट होत नाही’ एवढे तीन शब्द पुरतात आणि मूल संध्याकाळपर्यंत बालगृहात पोचते. दिवाळीचे कपडे बरोबर द्यावेत, सायकल ठेवून घ्यावी. मन हलके झाले की सहा महिन्यांनी, यावेळी लहान मुलासाठी, पुन्हा अर्ज करावा. कुटुंब निवडताना मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहावा, असे कलम 44 मध्येच म्हटले आहे. त्या रकान्यात ही दोन वर्षे अवश्य लिहावीत.