मोडका रॅम स्लॉट: ‘जुगाड’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं: ‘बिघडलेला स्लॉट तसाच सोडून रॅम दुसरीकडे लावा, हा सल्ला म्हणजे जुगाड. स्लॉट बदलूनच घ्यायला हवा, नाहीतर ड्युअल चॅनेल (दोन रॅमनी एकाच वेळी दोन वाटांनी काम करणं) जातो आणि पुढे अख्खा मदरबोर्ड जातो.’

स्लॉट बदलण्याचंच आधी बोलू. डेस्कटॉपच्या डीडीआर४ पिढीच्या रॅमच्या स्लॉटला २८८ पिना असतात. बोर्ड अनेक थरांचा, आतले तांब्याचे पत्रे उष्णता शोषून घेतात, त्यामुळे साध्या सोल्डरिंग गनने हे काम होत नाही. बोर्ड खालून तापवून, वरून हॉट एअर मारून जुना स्लॉट काढावा लागतो. एक पॅड (पिन जोडायची तांब्याची टिकली) उखडला की गेलं. हे नीट करणारे कारागीर आहेत, नाही असं नाही. पण चार-पाच वर्षं जुन्या बोर्डावर तो खर्च करावा असं मला आजही वाटत नाही.

ड्युअल चॅनेलचं मात्र सरसकट बोलून चालत नाही. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन-दोन स्लॉट एका चॅनेलचे. ए२ (ए चॅनेलचा दुसरा स्लॉट) गेला तर एक रॅम ए१ मध्ये आणि दुसरी बी१ मध्ये लावा, ड्युअल चॅनेल शाबूत. फार तर एक्सएमपीचा (रॅमला जास्तीचा वेग देणाऱ्या बायोस सेटिंगचा) वेग एखादी पायरी खाली आणावा लागेल. दोनच स्लॉटच्या बोर्डावर तुमचं म्हणणं खरं: डीडीआर४-३२०० ला सेकंदाला ५१.२ जीबीची वाट होती, ती २५.६ वर येते. ऑनबोर्ड ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला हे जाणवेल. टॅलीत नोंदी करणाऱ्याला कळणारही नाही.

बोर्ड जाण्याची भीती मात्र अगदीच खोटी नाही. एका चॅनेलचे दोन्ही स्लॉट बहुतेक त्याच तारांवर असतात. मोडक्या स्लॉटातली पिन वाकून शेजारणीला टेकली असेल, तर रिकामा स्लॉटही चांगल्या स्लॉटला त्रास देतो. म्हणून पॉवर केबल काढून, टॉर्च मारून खोबणीत तिरकं बघायचं. पिनांची रांग सरळ दिसली पाहिजे. मग रॅम दुसरीकडे लावून रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवायचं. एकही एरर आली नाही, तर खुशाल वापरा.

रॅम धरून ठेवणारा नुसता खटका मोडला असेल तर तो स्लॉट बिघडलेलाच नाही. हल्ली कित्येक बोर्डांना खटका एकाच बाजूला असतो. रॅम दोन्ही टोकांनी सारखी बसली की झालं.

आणि एकाच चॅनेलचे दोन्ही स्लॉट एकदम बंद पडले, तर स्लॉटला हात लावण्याआधी प्रोसेसर काढून बघा. मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग) आता प्रोसेसरच्या आतच असतो. सॉकेटातली एखादी पिन वाकली किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले, तरी लक्षणं हुबेहूब हीच. अशा वेळी नवा स्लॉट बसवून घेतलात, तर पैसे जातील आणि रॅम तरीही दिसणार नाही.

तुमच्या बोर्डाला स्लॉट किती आणि त्यातला नेमका कोणता बंद आहे, ते लिहाल का?