बुरशी आलेला पाव हे बदकाचं औषध नाही

‘बदक खात नाहीये? घाबरू नका, घरच्या घरी पाच उपाय’ असा एक मेसेज सध्या बदक पाळणाऱ्यांमध्ये फिरतोय. माझ्या धाकट्या बहिणीनं तो मला पाठवला, तेव्हा तिनं बुरशी धरलेले पावाचे तुकडे बदकासाठी काढूनही ठेवले होते. म्हणून हे लिहितेय. मेसेज म्हणतो: बुरशीचा पाव द्या, त्यात नैसर्गिक पेनिसिलिन असतं. तरी खाल्लं नाही तर चोच उघडून दूध किंवा पातळ खाद्य ओता. पाणी काढून घ्या, म्हणजे भूक लागेल. दोन-चार दिवस वाट बघा, पक्षी आपोआप खायला लागतो. एकटं असेल तर जोडीदार आणा. आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘डॉक्टरची गरज नाही’.

पावापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या चुका सुधारायला थोडा तरी वेळ मिळतो, इथे तोही मिळेलच असं नाही.

पेनिसिलिन बुरशीपासून मिळालं, हे खरं. १९२८ मध्ये शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्लेमिंगच्या काचेच्या बशीत जी बुरशी उगवली, ती एका विशिष्ट जातीची होती, आणि तिच्यातून रोग्याला टोचता येईल इतकं शुद्ध औषध निघायला १९४१ उजाडलं. तुमच्या पावावरची बुरशी कुठल्या जातीची आहे, हे तिच्या हिरव्या-काळ्या रंगावरून कुणालाही सांगता येत नाही. ज्या पेनिसिलियम गटातल्या बुरशीनं पेनिसिलिन दिलं, त्याच गटातल्या कित्येक जाती विष तयार करतात. आणि बदकाच्या दृष्टीनं सगळ्यात भयंकर विष तयार करते ती अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी. ती धान्य, मका, पेंड यांवर जास्त येते, पण पावावरही वाढू शकते.

हे विष सापडलं कसं, ते या मेसेजवर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकानं वाचायला हवं. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून जास्त पिल्लं दगावली. कारण कळेना, म्हणून रोगाला ‘टर्की एक्स’ असं नाव पडलं. शोधता शोधता बोट गेलं ते ब्राझीलहून आलेल्या, बुरशी धरलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीकडे. त्याच सुमारास बदकांची पिल्लंही तशीच मेली होती. पेंडीतल्या त्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. ते तपासायला प्रयोगशाळांनी निवडली ती बदकाचीच एक दिवसाची पिल्लं, कारण फार थोड्या विषानंही त्यांच्या यकृतात फरक दिसायचा. पिल्लाच्या वजनाच्या किलोमागे अर्धा मिलीग्रॅमसुद्धा त्याच्या जिवावर बेततो. म्हणजे पाळीव पक्ष्यांमध्ये या विषापुढे जो सर्वात हळवा, त्यालाच हा मेसेज बुरशी खाऊ घालायला सांगतोय! पाव भाजून दिला तरी उपयोग नाही, स्वयंपाकाच्या आचेनं हे विष जात नाही. आणि यकृत बिघडलेलं बदक पहिल्यांदा काय करतं? खाणं सोडतं.

आता चोच उघडून ओतण्याबद्दल. बदकाची चोच कधी शांतपणे उघडून पाहिलीत, तर जिभेच्या मुळाशी एक छोटी उभी फट उघडमीट करताना दिसेल. ते श्वासनलिकेचं तोंड. माणसाच्या घशात गिळताना त्याच्यावर झाकण पडतं, पक्ष्यांना ते झाकणच नसतं. धडपडणाऱ्या किंवा मान टाकलेल्या बदकाच्या तोंडात ओतलेली वस्तू सरळ फुप्फुसाकडे जाऊ शकते. अनुभवी डॉक्टर नळीनं खाद्य देतात, पण ती नळी अन्ननलिकेत गेली आहे याची खात्री करून. दूध तर नकोच, पक्ष्यांना त्यातली साखर नीट पचवता येत नाही. शिवाय गारठलेल्या, सुकलेल्या पक्ष्याचं पोट जवळपास थांबलेलं असतं, त्यात ढकललेलं अन्न तिथेच आंबतं. क्रम असा असतो: आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. साधारण ३० अंश सेल्सिअसची कोरडी, शांत जागा द्या आणि धापा टाकायला लागलं तर उष्णता कमी करा.

पाणी काढून घ्यायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालं, कळत नाही. बदक खाद्याचा घास घेतं आणि लगेच पाण्यात चोच बुडवतं, पाण्याशिवाय कोरडा चुरा त्याच्या घशात अडकतो. नाकपुड्याही ते पाण्यातच धुतं. पाणी बंद केलं तर जे थोडंफार खात होतं तेही थांबेल.

‘दोन-चार दिवस वाट बघा’ यात मात्र तथ्याचा एक कण आहे, तो मान्य करते. अंडी उबवायला बसलेली मादी दिवसातून एखाद-दोनदाच उठून खाते, आणि हे साधारण २८ दिवस, मस्कोव्ही जातीची बदकीण असेल तर ३५ दिवस चालतं. कडक उन्हाळ्यातही खाणं कमी होतं. पण ते कमी होणं असतं, बंद होणं नव्हे. पक्षी आजार लपवतात. शिकारी प्राण्याला दुबळेपणा दिसू नये म्हणून शेवटपर्यंत ताठ उभे राहतात. त्यामुळे खाणं सुटलेलं तुम्हाला दिसतं, तेव्हा दुखणं बहुधा जुनं झालेलं असतं.

छातीवरून बोट फिरवून बघा. मधलं हाड दोन्ही बाजूंच्या मांसात बुडालेलं हवं. माझ्या बहिणीच्या बदकाचं ते हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागत होतं, आणि विष्ठा गर्द हिरवी, पाणीदार होती, म्हणजे आतड्यात अन्न नव्हतं, नुसतं पित्त उतरत होतं. एक्स-रे काढला तर पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या भागात, तारेचा तुकडा! चकाकणारं काहीही बदक गिळतं: खिळा, नाणं, स्क्रू. त्यातलं शिसं किंवा जस्त रक्तात उतरलं की खाणं बंद, पाय लुळे. कधी मादीचं अंडं अडकलेलं असतं, ती शेपूट हलवत कुंथत राहते. कधी साचलेल्या, कुजक्या पाण्यातून बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषानं येणारा लुळेपणा, होतो आणि मान लुळी पडते. यातल्या कुठल्याच गोष्टीला पाव, दूध किंवा वाट बघणं हा इलाज नाही.

जोडीदाराचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. बदकं कळपानं राहतात, सोबती गेल्यावर एखादं खिन्न होतं, खातही कमी. पण आजारी पक्ष्याजवळ नवा पक्षी आणून सोडणं म्हणजे दोघांनाही धोका. आधी तपासणी, आणि नवा पक्षी काही आठवडे वेगळा.

राहिलं ते ‘डॉक्टरची गरज नाही’. दिवसभर तोंडात काही घेतलं नाही, तर त्याच दिवशी पक्ष्यांचं बघणाऱ्या पशुवैद्याला फोन करा. ताज्या विष्ठेचा फोटो, वजन, शेवटचं अंडं कधी दिलं, ते बदक कुठे-कुठे चोच मारत होतं, हे सांगता यायला हवं. माणसांच्या गोळ्यांची अर्धी-पाव मात्रा स्वतःच्या मनानं देऊ नका. आणि एकापेक्षा जास्त पक्षी एकदम आजारी पडले किंवा मेले, तर बर्ड फ्लूची शक्यता असते. मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नका, मुलांना लांब ठेवा आणि लगेच पशुसंवर्धन विभागाला कळवा.