‘झेडपीच्या आठवीतल्या निम्म्या मुलांना भागाकार येत नाही’: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

असर या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या घरोघरच्या पाहणीचा अहवाल आला की एक मजकूर पालकांच्या ग्रुपवर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘झेडपीच्या आठवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना साधा भागाकार येत नाही. खाजगीतली मुलं पुढे आहेत. मास्तरांचे पगार मोठे, शिकवणं शून्य. आणि तसल्या घरातली पोरं शिकणार तरी काय?’ यातले शेवटचे दोन दावे एकमेकांनाच खोडतात, हे पाठवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. असो, एकेक घेऊ.

‘झेडपीच्या आठवीतल्या निम्म्याहून जास्त…’

असर २०२४ मध्ये भागाकार करू शकणाऱ्या आठवीतल्या मुलांचं प्रमाण ४५.८ टक्के आहे. पण हा आकडा ग्रामीण भारताचा आहे, आणि त्यात सरकारी-खाजगी सगळ्या शाळांची मुलं आहेत. झेडपी हा शब्द मेसेजवाल्याने पदरचा घातला. महाराष्ट्रात तर झेडपीच्या बहुतेक शाळा चौथी-पाचवीला किंवा सातवीला संपतात. गावाकडची आठवी बहुतांशी संस्थेच्या अनुदानित माध्यमिक शाळेत भरते.

शिवाय असर ही शाळेची परीक्षाच नाही. जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं, आणि घरी बसून एकेका मुलाची तोंडी-लेखी चाचणी. त्यावरून राज्याचं चित्र कळतं. तुमच्या गावच्या शाळेबद्दल त्यातून एक अक्षरही कळत नाही.

चाचणीत आधी दोन अंकी, हातच्याच्या वजाबाक्या देतात. त्या जमल्या तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं. म्हणजे तिसरी-चौथीचं गणित. आठवीत ते न येणं गंभीरच आहे, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण मूल अडतं कुठे, ते वहीत बघा. ८२४ भागिले ८. आठ एके आठ, भागाकारात १ लिहिला. दोन खाली घेतले, भाग जात नाही. इथे शून्य मांडायचं राहतं, मूल सरळ चार खाली घेतं, आठ त्रिक चोवीस, उत्तर १३. खरं उत्तर १०३. पाढे पाठ आहेत, रीतही माहीत आहे, कच्चं आहे ते स्थानिक किमतीचं ज्ञान. आठवीत आणखी पन्नास भागाकार घालून ते पक्कं होत नाही. शतक-दशकाचे गठ्ठे हातात देऊन पुन्हा तिसरीचं काम करावं लागतं. उत्तर आधी अंदाजाने सांगायला लावलं तरी फरक पडतो: आठशेला आठाने भागलं तर शंभर, मग तेरा कसे येतील?

‘खाजगीतली मुलं पुढे आहेत’

खाजगी म्हणजे कोणत्या? अशा तुलनांत अनुदानित शाळाही खाजगीत धरल्या जातात. महाराष्ट्रात त्या शिक्षकांचा पगार सरकारच देतं, तेव्हा ‘सरकारी पगार म्हणून शिकवत नाहीत’ हा तर्क तिथेच कोसळतो.

आता खरा मुद्दा, वर्गात बसलं कोण आहे याचा. समजण्यापुरते आकडे घेऊ. दोन शाळा, सातवीत प्रत्येकी ४० मुलं. झेडपीत १० मुलांच्या आया दहावी शिकलेल्या. त्यातल्या ८ जणांना भागाकार येतो. उरलेल्या ३० पैकी १५ जणांना. एकूण २३, म्हणजे ५७.५ टक्के. खाजगीत उलट: शिकलेल्या आयांची ३० मुलं, त्यातली २२ पास, उरलेल्या १० पैकी ४. एकूण २६, म्हणजे ६५ टक्के. बोर्डावर खाजगी शाळा पुढे. पण गटागटाने पाहा: ८० विरुद्ध ७३ आणि ५० विरुद्ध ४०. दोन्ही गटांत झेडपीच सरस. एकूण टक्केवारीत शिकवण्याआधी प्रवेशाचा हिशेब येतो.

प्रत्यक्षातही हे तपासलं गेलं आहे. आंध्र प्रदेशातल्या १८० गावांत चिठ्ठ्या टाकून सरकारी शाळेतल्या मुलांना खाजगी शाळेचं शुल्क दिलं गेलं. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली मुलं सारखीच निघाली. हिंदीत मात्र चिठ्ठीवाली पुढे गेली. झेडपीच्या बाजूने बोलणारे याचा दुसरा भाग गाळतात, तोही सांगायला हवा: त्या खाजगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी होता.

‘पगार मोठे, शिकवणं शून्य’

पगारावर बोलण्याआधी पदं मोजा. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे एक शिक्षक लागतो, आणि गणित-विज्ञान, भाषा, सामाजिक शास्त्रं यांना किमान एकेक. गणित-विज्ञानाच्या पदवीधर शिक्षकाची जागा रिकामी असेल तर भाषेचे गुरुजी बीजगणित घेतात. शिकवणं कमी पडलं असेल तर ते इथे, आणि हे शाळेच्या फलकावरून दोन मिनिटांत कळतं.

‘तसल्या घरातली पोरं’

घराचा परिणाम होतो, पण तो ठरावीक वाटांनी होतो. बीडकडचं ऊसतोडीला जाणारं कुटुंब ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतं आणि मार्च-एप्रिलमध्ये परततं. पोरगं सोबत गेलं तर निम्मं वर्ष बुडालं. हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे राहिलं तर नाही. अडचण हजेरीची आहे, जातीची किंवा डोक्याची नाही.

ज्यांना खरोखर शाळा तपासायची आहे त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत पॅटचे, म्हणजे राज्याच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांचे गुण मागावेत: पायाभूत (वर्षाच्या सुरुवातीची) आणि संकलित २ (वर्षाअखेरची), नावं झाकून पण मूलनिहाय. दोन्ही चाचण्यांना हजर असलेलीच मुलं धरा, नाहीतर मधे गेलेल्या-आलेल्यांमुळे सरासरी फसवते. प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी सारखी नसते, म्हणून नुसत्या गुणांपेक्षा कोणत्या प्रकारचं उदाहरण आता सुटतंय ते बघा. आणि वर्गात १२ मुलं असतील तर टक्के काढूच नका. एक मूल आजारी पडलं की आठ टक्के हलतात.

जाता जाता, उलट बाजूचाही एक मेसेज असतो: ‘एनएमएमएसची शिष्यवृत्ती बघा, सगळी आमच्याच शाळांची मुलं.’ एनएमएमएस म्हणजे केंद्राची आठवीच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा. विनाअनुदानित खाजगी शाळांतल्या मुलांना त्या परीक्षेला बसताच येत नाही.