‘पहिला ब्रश बॅजरचाच हवा’ या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय महोदय,

दाढीचा पहिला ब्रश पाचशे-सहाशे रुपयांत कसा निवडावा, या माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. खरा ब्रश बॅजर या रानटी प्राण्याच्या केसांचाच असतो आणि सिंथेटिक, म्हणजे आपल्या शब्दांत ‘प्लास्टिक’, सुचवून मी नवशिक्यांची दिशाभूल केली, हा पहिला. स्वस्त वस्तू घेणाऱ्याला अखेर दोनदा पैसे मोजावे लागतात, हा दुसरा. आणि डुकराच्या केसांचा ब्रश जुन्या वळणाचाही आहे आणि परवडणाराही, तरी मी त्याचा साधा उल्लेखही केला नाही, हा तिसरा. यांतला तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, दुसरा अर्धा मान्य आहे आणि पहिला मान्य नाही.

आधी माझी चूक सांगतो. ‘कोणताही सिंथेटिक ब्रश चालेल’ असे वाक्य मी लिहिले होते आणि ते चुकीचे होते. किराणा दुकानात साठ-सत्तर रुपयांना टांगलेला ब्रशही सिंथेटिकच असतो. पण त्याचे धागे जाड असतात, टोके बोथट असतात आणि झुपका इतका विरळ असतो की त्यात ना पाणी टिकते ना साबण. असा ब्रश गालावर फिरवला की तो टोचतो, फेस पातळ होऊन हनुवटीवरून ओघळतो आणि माणूस दुसऱ्या आठवड्यात फोमच्या डब्याकडे वळतो. मला अभिप्रेत होता तो गेल्या काही वर्षांत सहज मिळू लागलेला, बारीक आणि टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या धाग्यांचा दाट ब्रश. दोहोंतला फरक हाताला लगेच कळतो. ब्रश कोरडाच मनगटाच्या आतल्या बाजूवर टेकवून हलका दाबावा. टोके टोचता कामा नयेत, झुपका पसरला पाहिजे आणि हात उचलताच पुन्हा उभा राहिला पाहिजे. मग बोटांनी केस बाजूला सारून मुळाशी पाहावे. तिथे डिंकाचा थर उघडा दिसत असेल, तर तो ब्रश परत ठेवावा. झुपक्याचा बुंधा 22 ते 26 मिलिमीटर असावा. मूठ लाकडी असो की रेझिनची, ओल्या हातातून निसटत नाही एवढे पाहिले की पुरे.

आता बॅजर. उत्तम बॅजर ब्रशाइतका पाणी धरणारा आणि गालाला मऊ लागणारा ब्रश क्वचितच सापडतो, याबद्दल आपले आणि माझे दुमत नाही. माझा लेख मात्र पाचशे-सहाशे रुपये खिशात असलेल्या माणसासाठी होता आणि त्या किमतीत जे बॅजर म्हणून विकले जाते, त्याबद्दल मला गंभीर शंका आहेत. ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’, ‘सिल्व्हरटिप’ या प्रतींना कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. कोणत्या केसांना काय म्हणायचे, हे प्रत्येक उत्पादक आपापले ठरवतो. चांगल्या ब्रशात केस हाताने रचून झुपक्याला घुमटाचा आकार देतात, त्यामुळे प्रत्येक केसाचे नैसर्गिक निमुळते टोक शाबूत राहते. स्वस्त ब्रशात तोच आकार कित्येकदा टोके कातरून आणलेला असतो आणि कातरलेले टोक गालाला खुंटासारखे लागते. दोन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून साडेचारशे रुपयांना ‘शुद्ध बॅजर’ घेतला होता. चौथ्या दिवशी गळलेला एक केस मी चिमट्यात धरून मेणबत्तीवर नेला. जळक्या केसाचा वास आलाच नाही. धागा वितळून त्याच्या टोकाला काळा मणी तयार झाला. पैसे नायलॉनचे मोजले असते तर वाईट वाटले नसते.

माणसे पूर्वापार जनावरांच्याच केसांचे ब्रश वापरत आली आणि त्यांना काही झाले नाही, असेही आपण लिहिले आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत दाढीच्या ब्रशामुळे काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. युद्धामुळे केसांच्या व्यापाराची जुनी वाट मोडली आणि नीट निर्जंतुक न केलेले घोड्याचे केस ब्रशांत आले, हे त्यामागचे कारण. आज केस निर्जंतुक करून वापरतात, म्हणून ती भीती मी कुणाला घालणार नाही. परंतु केवळ जुने म्हणून निर्धोक, हे मला पटत नाही. दातांच्या ब्रशातसुद्धा 1938 साली नायलॉन येईपर्यंत प्रामुख्याने डुकराचेच केस असत.

डुकराच्या केसांच्या ब्रशाबद्दल मात्र आपण माझे कान धरलेत, ते योग्यच केलेत. इटलीतील बोलोन्या शहरातली ओमेगा ही कंपनी 1931 पासून या व्यवसायात आहे आणि तिचे या केसांचे ब्रश तिकडच्या न्हाव्यांच्या दुकानांत रोज राबतात. हा ब्रश धार्मिक कारणाने किंवा शाकाहारामुळे अनेक घरांत चालत नाही, म्हणून मी तो विषय टाळला होता. तसे न करता, डब्यावर नुसते ‘ब्रिसल’ लिहिलेले असेल तर ते बहुधा डुकराचे केस असतात, हे स्पष्ट सांगायला हवे होते. ज्याला ते चालत नाहीत त्याला ही माहिती जास्तच गरजेची आहे.

आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी असा एक नवा ब्रश मागवला आणि तीन आठवडे एक दिवसाआड माझ्या सिंथेटिक ब्रशाबरोबर वापरला. पहिल्या सकाळी तो कोमट पाण्यात पाच मिनिटे भिजवला, तेव्हा न्हाणीघरात ओल्या जनावराचा वास दरवळला. दोन्ही ब्रशांना मी बदामाएवढेच क्रीम घेत होतो. सिंथेटिकने अर्ध्या मिनिटात गालभर दाट फेस उभा केला. नव्या ब्रशाचा फेस मात्र दाढीचा दुसरा हात फिरवेपर्यंत झुपक्यातच जिरून गेला. दहाव्या दाढीच्या सुमारास चित्र पालटले. केस उजेडात धरले तेव्हा टोके दुभंगून कापसासारखी मऊ झालेली दिसली, मूळचा कणखरपणा कायम होता आणि मानेखालचे आडवे केस तो सिंथेटिकपेक्षा चांगले उचलू लागला. ज्याला तीन आठवडे धीर धरता येतो, त्याने हा ब्रश जरूर घ्यावा.

तरीही पहिला ब्रश म्हणून मी सिंथेटिकच सुचवीन. नवशिक्याला मुळात शिकायचे असते ते पाण्याचे प्रमाण. फेस बिघडला, तर पाणी कमी पडले, क्रीम कमी पडले की ब्रश अजून तयार झाला नाही, हे त्याला उमगत नाही. सिंथेटिक ब्रश पहिल्या दिवशी वागतो तसाच शंभराव्या दिवशी वागतो, त्यामुळे शंकेची एक जागा कमी होते. शिवाय मी चिपळूणला राहतो. आषाढात इथे टॉवेल दोन दिवस वाळत नाही. नैसर्गिक केसांचा ब्रश दुसऱ्या सकाळी मुळाशी ओलाच लागतो आणि कपाटात बंद राहिला तर त्याला बुरशी धरते. सिंथेटिक दोनदा झटकला की दुपारपर्यंत कोरडा होतो. लातूरला मेव्हण्यांकडे अडचण वेगळी आहे. तिथल्या बोअरवेलच्या जड पाण्यात कोणताच ब्रश नीट फेस काढत नाही, क्रीम दीडपट लागते आणि केसांवर पांढरा थर बसतो. तिथे ब्रश बदलण्यापेक्षा दाढीपुरते तांब्याभर फिल्टरचे पाणी घेणे स्वस्त पडते.

दोनदा खर्चाचा आपला मुद्दा साठ रुपयांच्या ब्रशाला तंतोतंत लागू आहे. साडेपाचशे रुपयांच्या बऱ्या सिंथेटिकला तो लागू नाही, कारण पुढे बॅजर घेतला तरी हा प्रवासात आणि पावसाळ्यात उपयोगी पडतो. माझा असा ब्रश पाचव्या वर्षात आहे. मूळ लेखातले ते चुकीचे वाक्य मी आज काढले आहे आणि डुकराच्या केसांच्या ब्रशावर एक परिच्छेद जोडला आहे.

शेवटी, आपल्या बारा वर्षांच्या बॅजरचे केस हल्ली गळतात, असे आपण ओघात लिहिले आहे. तो टाकून देण्याआधी एक करून पाहावे. मुळाशी साबण साचला की केस तिथेच तुटू लागतात. मगभर कोमट पाण्यात, उकळत्या नव्हे, चमचाभर पांढरे व्हिनेगर घालून झुपका दहा मिनिटे बुडवून ठेवावा, मूठ मात्र पाण्याबाहेर राहू द्यावी. मग शाम्पूने धुऊन, केस न ओढता मुठीत हलके दाबून पाणी काढावे आणि दोन दिवस वाऱ्यावर वाळू द्यावा. त्यानंतरही केस पूर्ण लांबीचे, मुळापासून निघून येत असतील, तर आतला डिंक सुटला आहे. आपली मूठ चांगली असेल तर तिच्यात नवा झुपका बसवता येतो.